सेकंडहँड गाडीतले प्लास्टिकचे कूलंट पाइप कसे तपासावेत, कसे बदलावेत

सेकंडहँड गाडी घेतली की लोक तेल बदलतात, फिल्टर बदलतात, सीटकव्हर टाकतात. बॉनेटखालच्या प्लास्टिकच्या कूलंट पाइपांची, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव वाहून नेणाऱ्या पाइपांची, चौकशी मात्र ‘गळत तर नाही ना?’ एवढ्यावर संपते. हा प्रश्नच चुकीचा आहे. रबरी होज मरण्याआधी फुगतो, झिरपतो, सूचना देतो. प्लास्टिकचा पाइप पुष्कळदा काल कोरडा असतो आणि आज तुटलेला.

हे पाइप बहुधा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात. ९०-१०० अंशांचं कूलंट आतून सतत वाहतं, इंजिन रोज तापतं आणि निवतं, त्यात कूलंटमधलं पाणी आणि ग्लायकॉल मिळून नायलॉनच्या साखळ्या हळूहळू तोडतात. म्हणून मीटरवर किलोमीटर कमी दिसले तरी खूश होऊ नका. पाइपचं वय त्याने कमी होत नाही. काही गाड्या तर यासाठीच ओळखल्या जातात. पोर्शे कायेनच्या २००३ ते २००६ मधल्या ४.५ लिटर व्ही८ इंजिनात हे पाइप इंटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याखाली) दडलेले असतात आणि फुटले की कूलंट थेट स्टार्टर मोटारीवर सांडतं. त्यांच्या जागी पुढे ॲल्युमिनियमचे पाइप आले.

तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना करा. अर्धंअर्धं कूलंट आणि पाणी उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं. बंद टाकीतल्या दाबामुळे ते त्याहून गरम असूनही शांत राहतं आणि झाकण फिरवताच उसळून अंगावर येतं. टॉर्च आणि छोटा आरसा घ्या. काळ्या प्लास्टिकला तपकिरी झाक आली असेल, चमक जाऊन पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरीत झाला असेल, सांध्याभोवती पांढरी, गुलाबी किंवा हिरवी खपली सुकलेली असेल, तर तो पाइप संपला. मग बाकीचे त्याच वयाचे पाइपही संपलेच समजा. एकच बदलून दुसरा ठेवणं म्हणजे तेच काम पुन्हा करायची हौस.

गळती शोधायला कूलंटच्या टाकीत हातपंपाने दाब देऊन बघायचा असेल तर टाकीच्या झाकणावर छापलेल्या दाबापेक्षा जास्त देऊ नका. आणि गाडी या परीक्षेत पास झाली म्हणून निश्चिंतही होऊ नका. ही परीक्षा आजची गळती सांगते, ठिसूळपणा सांगत नाही. डॅशबोर्डावरच्या काट्यावर तर अजिबात विसंबू नका: बऱ्याच गाड्यांत तो मधल्या मोठ्या टप्प्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, आणि कूलंट वाहून गेलं की सेन्सर हवेत लटकतो व भलताच आकडा दाखवतो.

एपॉक्सी, सीलंट, टाकीत टाकायची गळतीबंद पावडर यांतलं काहीही नको. एपॉक्सी तेलकट नायलॉनला धड धरत नाही, आणि पावडर गळतीइतक्याच आनंदाने हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

पाइप बदलायला घेतलात की आधी कूलंट स्वच्छ भांड्यात काढा. आड येणारं सामान सोडवा, प्रत्येक क्लिपचा फोटो घ्या. काढलेलं कूलंट लगेच झाकून ठेवा. इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, चवीला गोड लागतं, आणि कुत्री-मांजरं ते चाटतात.

आता खरं काम. जुना पाइप ओढला की तो क्वचितच अख्खा येतो. टोक इंजिनच्या किंवा हाउसिंगच्या छिद्रात अडकून राहतं आणि उरलेला पाइप हातात येतो. इथे बहुतेक जण स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी उचलतात. कृपया उचलू नका. छिद्राची भिंत ॲल्युमिनियमची असते, नवी ओ-रिंग (पाइपच्या टोकावरची रबरी कडी) त्याच भिंतीला टेकून पाणी अडवते. तिथे लांबीच्या दिशेने एक ओरखडा पडला की जगातली कुठलीही ओ-रिंग तो झाकत नाही. दुसरं, ठोकून फुटलेले तुकडे आत पडतात आणि थर्मोस्टॅटमध्ये किंवा पंपात जाऊन बसतात. मग पाइपचं काम राहतं बाजूला.

माझी पद्धत संथ आहे आणि मी ती सोडणार नाही. आधी छिद्राच्या आत, तुटलेल्या टोकाच्या पलीकडे, धागे न सुटणाऱ्या कापडाचा बोळा सरकवायचा. त्याला मजबूत दोरा बांधून दोऱ्याचं टोक बाहेर कशाला तरी अडकवायचं. बोळा आत राहिला तर तुकड्यापेक्षा वाईट. मग हॅक्सॉच्या ब्लेडचा एक तुकडा घ्या, धरायच्या बाजूला जाड टेप गुंडाळा, आणि टोकाच्या आतून बाहेरच्या दिशेने, लांबीला समांतर एक खाच पाडा. पूर्ण जाडी कापायची नाही. प्लास्टिकचा केसाएवढा पापुद्रा उरला की थांबायचं. थोड्या अंतरावर दुसरी खाच. आता दोन्हींमधली पट्टी लांब नाकाच्या पकडीने आतल्या बाजूला दुमडा. ती पापुद्र्यावर मोडते आणि सुटते. एक पट्टी निघाली की उरलेलं कडं सैल पडतं.

तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने खाच वितळवायचा सल्लाही सर्रास दिला जातो. चालतो, पण वितळलेलं नायलॉन भिंतीला चिकटून थंड होतं आणि मग ते खरवडावं लागतं, म्हणजे फिरून ओरखड्याचीच भीती. शिवाय पेट्रोलच्या पाइपांशेजारी तापलेलं लोखंड मला मान्य नाही.

निघालेले सगळे तुकडे कागदावर मांडून टोकाचं कडं पुन्हा जुळवा. कुठे फट राहिली तर तो तुकडा अजून आत आहे. तो सापडेपर्यंत पुढे जायचं नाही, कितीही उशीर झाला तरी. जुनी कडक झालेली ओ-रिंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या टोकदार काडीने काढा. भिंतीवरची खपली ओल्या, मऊ घासणीने गोल फिरवत साफ करा, पुसा, मग नख फिरवून बघा. नख अडलं तर तिथे अजून काहीतरी चिकटलंय किंवा खरा ओरखडा आहे. सगळ्यात शेवटी बोळा हळूच, कचरा आत न सांडता, बाहेर ओढा.

पुढचं सोपं. नव्या ओ-रिंगला थोडं कूलंट किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस नको, त्याने कूलंटच्या ओ-रिंगचं रबर फुगतं. पाइप सरळ रेषेत दाबा, टक् आवाज आला की उलटा ओढून खात्री करा. फ्लँजचे (पाइपच्या चपट्या कडेचे) बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानेच आवळा. ६ मिलिमीटरच्या बोल्टना बहुधा ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, पण गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. ॲल्युमिनियमचा पाइप मिळत असेल तर घ्या, मात्र ओ-रिंगची खाच मूळ मापाचीच हवी.

कूलंट रंग बघून नाही, कंपनीने दिलेल्या प्रतीनुसार भरा, आणि पातळ करायला डिस्टिल्ड वॉटरच वापरा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून सावकाश ओता आणि हवा काढायचा स्क्रू बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवा. इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाड्यांत हवा काढायची स्वतंत्र पद्धत असते. बीएमडब्ल्यूच्या एन५२, एन५५ इंजिनांत इग्निशन चालू करून, हीटर कमाल तापमानावर व पंखा किमान वेगावर ठेवून ॲक्सिलरेटर सुमारे १० सेकंद दाबून धरला की पंप स्वतःच १२ मिनिटांच्या आसपास फिरतो. त्या वेळी बॅटरीला चार्जर जोडलेला बरा.

एक फेरी मारून या. गाडी पूर्ण थंड होऊ द्या, टाकीतली पातळी पुन्हा भरा, आणि प्रत्येक नव्या सांध्याखालून कोरडा कागदी रुमाल फिरवा.