श्रीलंका: आधी महिना बघा, मग किनारा ठरवा

श्रीलंका नकाशावर छोटी दिसते, पण तिथे पावसाळे दोन. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस दक्षिण-पश्चिम किनाऱ्याला झोडपतो, तर साधारण नोव्हेंबर ते जानेवारी ईशान्येचा पाऊस पूर्व आणि उत्तर भागात पडतो. म्हणून डिसेंबर ते मार्च जाणार असाल तर गॉल आणि मिरिसा. मे ते सप्टेंबर असेल तर त्रिंकोमाली किंवा अरुगम बे. मिरिसाहून निळे देवमासे बघायचे तर नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच जा. जूनमध्ये तिथला समुद्र खवळलेला असतो.

सिगिरियाचा खडक सुमारे 200 मीटर उंच, पायऱ्या साधारण 1200. पाचव्या शतकात कश्यप राजाने वर महाल बांधला. तिकीट खिडकी उघडताच चढायला लागा, कारण नऊनंतर खडक तापतो आणि भित्तिचित्रांकडे जाणाऱ्या गोल लोखंडी जिन्यावर रांग अडकते. चित्रांचे फोटो काढायला मनाई आहे. वाटेतल्या सिंहाच्या शिल्पाच्या पंजांपुढचा जिना सरळ कड्याला लावलेला आहे, तिथे वारा जोराचा असतो. टोपी पिशवीत टाका. आरडाओरडा अजिबात नको: कपारींत गांधीलमाशांची पोळी आहेत, त्या उठल्या तर चढाई बंद करतात. माणशी एक लिटर पाणी खालूनच न्या. खुद्द सिगिरियाचा फोटो हवा असेल तर शेजारच्या पिदुरंगलावर चढा. शेवटच्या टप्प्यात मोठाल्या दगडांवरून हात टेकत जावं लागतं, चप्पल चालणार नाही.

कँडी ते एल्ला रेल्वेने साधारण सात तास लागतात. आरक्षण 30 दिवस आधी सुरू होतं आणि लगेच संपतं. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत, म्हणून दुसरा किंवा तिसरा वर्गच घ्या. वेळ कमी असेल तर वाटेतल्या नानू ओया स्थानकावरून बसा. चहाचे मळे, बोगदे आणि धुकं या उरलेल्या टप्प्यातही भरपूर आहे. दारात लटकून फोटो काढू नका, बोगद्याची भिंत हातभर अंतरावरून जाते. दरडी कोसळल्या की मार्ग बंद होतो, त्यामुळे निघण्याआधी गाडी चालू आहे ना, ते विचारा.

देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पादत्राणं बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे गंभीर अपमान मानतात. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सुट्टी असते आणि दारूविक्री बंद.

हत्तींसाठी जुलै ते सप्टेंबर, मिनेरिया राष्ट्रीय उद्यान. तलावाचं पाणी उतरलं की तळात कोवळं गवत उगवतं आणि त्यासाठी कळप जमतात. पाणी उतरलेलं नसेल तर ते जवळच्या कौडुल्ला उद्यानाकडे किंवा हुरुलूच्या जंगलाकडे असतात, तेव्हा पैसे देण्याआधी जीपवाल्याला कालचे कळप कुठे दिसले ते विचारा आणि दुपारी तीनच्या सुमारास आत शिरा.