रक्त वाहतंय आणि माणूस म्हणतोय "मला काही झालं नाही", तेव्हा काय करायचं

मोठा मार लागलेला माणूस सुरुवातीला बऱ्याचदा ठीकठाक दिसतो, बोलतो, उठून बसायला बघतो, आणि आपण इथेच फसतो. शरीर तेव्हा आतल्या आत सगळं सांभाळून घेत असतं. मोठ्या माणसात साधारण ५ लिटर रक्त असतं, त्यातलं पाऊण लिटर गेलं तरी बाहेरून फारसं कळत नाही. त्यापुढे अ‍ॅड्रेनलिनच्या जोरावर हृदय धावायला लागतं, कातडीतल्या आणि हातापायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, उरलेलं रक्त मेंदू आणि हृदयासाठी राखलं जातं. म्हणून तर हात गार पडतात, चिकट घाम येतो, चेहरा उतरतो, खूप तहान लागते. बीपी मात्र जवळजवळ दीड लिटर जाईपर्यंत तग धरू शकतं, आणि मग एकदम कोसळतं. त्यामुळे "बीपी नॉर्मल आहे" ऐकून निर्धास्त होऊ नका, नाडी बघा. शांत पडून असताना १०० च्या वर पळतेय आणि अंग गार लागतंय तर रक्त जातंय असंच धरून चाला, जखम दिसत नसली तरी. मांडीचं हाड मोडलं तर लिटर-दीड लिटर रक्त नुसतं मांडीतच साठू शकतं, जमिनीवर एक थेंब दिसणार नाही.

आता करायचं काय. आधी बघा की तिथे थांबणं तुमच्यासाठी सेफ आहे ना, अँब्युलन्सला फोन लावा, स्पीकरवर टाका आणि हात मोकळे ठेवा. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने दाबा, कोपर सरळ, अंगाचं वजन त्यावर. ट्रेनिंगमध्ये मी पहिल्यांदा बोटांनी हळूच दाबत होतो, "गोंजारतोय काय" म्हणून ओरडा खाल्ला, आणि बरोबरच होतं. दर मिनिटाला घडी उचलून "थांबलं का" बघायचं नाही, गुठळी धरायला लागलेली असते ती घडीबरोबर निघून येते. घडी भिजली तर वरून दुसरी ठेवा, पण कपड्यांचा ढीग रचू नका, ढिगाने जोर पसरतो आणि नेमक्या जागेवर काहीच पोचत नाही.

हातापायातून धार लागलीये आणि दाबूनही थांबत नाही, तर टूर्निकेट, म्हणजे हातापायाभोवती घट्ट आवळून रक्त अडवायचा पट्टा. जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, धडाच्या बाजूला, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचं. भयंकर दुखतं, माणूस ओरडतो, तरी सैल करायचं नाही. बांधल्याची वेळ लिहून ठेवा, कपाळावर पेनने लिहिलीत तरी चालेल. दोरी किंवा वायर नको, कातडी कापते. पोटात, छातीत काही घुसलं असेल तर उपसू नका, आजूबाजूने कापड लावून ते हलणार नाही एवढं बघा.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात ती म्हणजे ऊब. अंग थंड पडलं की रक्त नीट गोठत नाही, पेशींना ऑक्सिजन कमी पडून रक्तात आम्ल वाढतं त्यानेही गोठणं बिघडतं, मग आणखी रक्त जातं, आणखी थंडी, असं चक्रच लागतं. ओले कपडे काढा, पांघरूण घाला आणि जमेल तर अंगाखालीही काहीतरी सरकवा, फरशी अंगातली ऊब ओढून घेते, पण मानेला किंवा पाठीला मार असेल तर त्यासाठी हलवाहलव नको. पाणी मागेल, देऊ नका, उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि बहुतेक ऑपरेशनही लागणार असतं. ओठ ओले करा फार तर.

मार कधी लागला ती वेळही लक्षात ठेवा. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड नावाचं रक्तस्राव कमी करणारं औषध आहे, २० हजारांहून जास्त पेशंटवरच्या अभ्यासाचे निकाल २०१० साली आले, त्याने मृत्यू कमी होतात, पण ३ तासांच्या आत दिलं तरच, उशीर झाला तर उलट नुकसान. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का हेही तो शुद्धीवर आहे तोवर विचारून घ्या आणि अँब्युलन्सवाले आले की आधी एवढंच सांगा.