गिअरबॉक्स बोटभर बाहेर राहिला तर बोल्ट आवळू नका: घरी क्लच बदलताना या चुका टाळा

क्लच बदलण्याच्या कामात खुद्द क्लचचं काम असतं जेमतेम अर्ध्या तासाचं. जुनी प्रेशर प्लेट आणि तिच्याखाली दाबलेली क्लच प्लेट सोडायची, नव्या लावायच्या, संपलं. उरलेला दिवस जातो गिअरबॉक्स बाहेर काढण्यात आणि परत आत घालण्यात. गॅरेजमध्ये लिफ्ट असते, गिअरबॉक्स तोलून धरणारा उंच जॅक असतो, मेकॅनिक उभा राहून काम करतो. घरी आपण पाठीवर पडलेले, गाडी नाकासमोर आणि तीस-चाळीस किलोचा तेलकट ठोकळा हातात. म्हणूनच घरच्या कामातल्या बहुतेक चुका पाना चुकीचा लावल्यामुळे होत नाहीत, त्या या वजनामुळे होतात. पुढचं सगळं मुख्यतः इंजिन आडवं असलेल्या, पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाड्यांबद्दल आहे.

आधी खात्री, मग पाना

वरच्या गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबा. इंजिन ओरडतंय, त्याच्या फेऱ्यांचा काटा वर जातोय आणि गाडीचा वेग मात्र आहे तिथेच, तर क्लच स्लिप मारतोय. पण त्यातही केबलचा क्लच असेल तर आधी पेडलला मोकळी चाल आहे का बघा. केबल फार ताणलेली असली तर चांगली प्लेटसुद्धा स्लिप मारते.

उलट तक्रार असेल, म्हणजे इंजिन बंद असताना गिअर अलगद पडतात आणि चालू केलं की पडत नाहीत किंवा करकरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणाऱ्या क्लचमध्ये याचं कारण बरेचदा सिलिंडरचं गळकं सील किंवा पाइपात शिरलेली हवा असतं. एका वॉशरपायी गिअरबॉक्स उतरवणारे लोक मी पाहिलेत. खरं सांगायचं तर त्यातला एक मीच.

आवाजाचंही तसंच. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला रेटणाऱ्या बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये, पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर तो बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लच प्लेटमध्ये शिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा. मग नवा क्लच घालून तो जाणार नाही.

उंची मोजली नाही

गाडी स्वतःपुरती उंच करतात आणि गिअरबॉक्स खाली आल्यावर लक्षात येतं की तो बंपरखालून निघतच नाही. वर उचललेला, जॅकवर तोललेला, पुढे ना मागे. बेल हाउसिंग म्हणजे गिअरबॉक्सचं इंजिनला टेकणारं घंटेच्या आकाराचं तोंड; त्याची उंची आधीच अंदाजाने मोजा. त्यात ट्रॉली जॅक पूर्ण खाली असतानाची उंची मिळवा. तेवढी जागा पुढच्या बाजूला मिळायलाच हवी. नाही मिळाली तर गिअरबॉक्स जॅकवरून जाड सतरंजीवर उतरवून ओढून काढायची तयारी ठेवा, आणि त्यासाठी दुसरा माणूस हवाच.

जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नाही. गाडीचा भार सपाट, टणक जमिनीवर ठेवलेल्या जॅक स्टँडवरच हवा. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे चालणार नाहीत; ते आधी न सांगता फुटतात. मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. गाडी स्टँडवर बसली की खाली शिरण्याआधी तिला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. पडायची असेल तर आत्ता पडू दे. काढलेली चाकं आडवी करून दोन्ही बाजूंना गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवावीत.

चाकं जमिनीवर आहेत तोवरच हबचे, म्हणजे चाकाच्या मध्यावरचे मोठे नट सैल करा. स्टँडवर चढलेल्या गाडीला लांब पाइप लावून झटके देणं म्हणजे आपणच ती पाडायला बघणं.

छोट्या वाटणाऱ्या चुका

बॅटरीची ऋण तार सर्वांत आधी काढा. स्टार्टरच्या जाड वायरमध्ये किल्ली बंद असतानाही करंट असतो.

गिअर ऑइल सोडण्याआधी ते भरायचं झाकण उघडतं का ते बघा. तेल सोडून बसलात आणि वरचं झाकण गंजून अडकलेलं निघालं, तर गाडी जागेवरच राहते.

बेल हाउसिंगचे बोल्ट दिसायला सारखे, लांबीला वेगळे. पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सची बाह्यरेषा काढा, बोल्ट जिथून निघाला तिथे भोक पाडून त्यात खोचा. फोटो काढून हे काम होत नाही, कारण फोटोत लांबी कळत नाही.

ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकांकडे जाणारे दांडे) लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधून ठेवा. नाहीतर आतला सांधा सुटतो. आणि हायड्रॉलिक सिलिंडर गिअरबॉक्सवरून काढलेला असताना पेडलला कुणाचाही पाय लागू देऊ नका. पिस्टन बाहेर उडतो आणि ब्रेक ऑइल सगळीकडे होतं. मी पेडलखाली लाकडाचा तुकडाच अडकवतो.

गिअरबॉक्स उतरल्यावर

जुनी धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या गाड्यांच्या क्लचमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

आत तेल दिसलं तर नाक वापरा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील गेलंय. तसा वास नसेल तर बहुधा इंजिनचं मागचं सील. ते आत्ताच बदला. नव्या प्लेटवर तेल गेलं की सगळं काम पुन्हा. रिलीज बेअरिंग चांगलं वाटलं तरी जुनं ठेवू नका. फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या टोकाच्या ज्या जड चाकावर क्लच बसतो त्यावर, निळे डाग, भेगा किंवा बोटाला लागणारी कड असेल तर तसंच बसवून चालणार नाही. दुहेरी (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं) फ्लायव्हील असेल तर ते डावी-उजवीकडे किती फिरतं आणि किती डुलतं हे कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून बघा.

नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसायचा. क्लच प्लेटच्या अस्तराला, म्हणजे घासणाऱ्या थराला मात्र ग्रीसचा हात लावायचा नाही.

क्लच प्लेट उलटी बसणं ही नेहमीची चूक. ती उलटीही तितक्याच सहज बसते, हाच घोळ. बहुतेक प्लेटवर कोणती बाजू कुठे ते छापलेलं असतं. स्प्रिंगांचा फुगीर भाग साधारणपणे गिअरबॉक्सकडे येतो. उलटी बसली की हब फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो आणि क्लच सुटतच नाही.

स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या दात्यांना) ग्रीस लावायचं ते पुसून काढल्यासारखं. शाफ्टवर लावा, प्लेट एकदा सरकवा, बाहेर आलेलं पुसा. जास्त लावलं तर ते फिरताना उडून अस्तरावर जातं.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, अर्धा-अर्धा फेरा करत आवळा आणि शेवटी टॉर्क रेंचने. सगळे आवळून झाल्यावर सेंटरिंगचं टूल (क्लच प्लेट मधोमध धरणारा दांडा) दोन बोटांनी बाहेर ओढून परत आत घालून बघा. अलगद गेलं पाहिजे. अडत असेल तर बोल्ट सैल करून प्लेट पुन्हा मधोमध करा. इथे वाचवलेली पाच मिनिटं पुढे दोन तास खातात.

शेवटचं बोटभर अंतर

गिअरबॉक्स वर चढवला, शाफ्ट प्लेटमध्ये शिरला, बेल हाउसिंग इंजिनच्या जवळ आलं आणि तिथेच अडलं. बोटभर फट. हात दुखतायत, मान आखडलीय. मनात येतं की दोन लांब बोल्ट लावून आवळले की येईल खेचून.

मी तेच केलं होतं. वरचा बोल्ट चार फेरे फिरला, मग जड झाला, मग टक् असा आवाज आला. ॲल्युमिनियमचा कान तडकला होता.

नीट जुळलेला गिअरबॉक्स हाताने ढकलून बसतो. बसत नसेल तर मुख्य शक्यता तीन. एक, शाफ्टचे दाते आणि प्लेटचे दाते जुळलेले नाहीत: कुणाला तरी इंजिनची क्रँक पुली पान्याने थोडी थोडी फिरवायला सांगा आणि गिअरबॉक्स ढकला. दोन, प्लेट मधोमध नाही. तीन, आणि ही सर्वांत जास्त वेळा, कोन जुळत नाही. गिअरबॉक्सच्या बाजूचं माउंटिंग (गाडीच्या सांगाड्याला धरणारा रबरी आधार) काढलेलं असतं, त्यामुळे इंजिन त्या बाजूला कललेलं असतं, आणि आपण मात्र गिअरबॉक्स सरळ धरून ढकलत असतो. बेल हाउसिंगची फट वर, खाली आणि दोन्ही बाजूंना बोटाने चाचपा. सगळीकडे सारखी होईपर्यंत इंजिनला आधार म्हणून खाली लावलेला जॅक थोडा थोडा वर-खाली करा. जॅक आणि ऑइल संप (इंजिनखालचं तेलाचं भांडं) यांच्यामध्ये लाकडाची फळी हवी, नाहीतर संप दबतो.

दमलात तर गिअरबॉक्स तसाच शाफ्टवर लटकत ठेवून चहाला जाऊ नका. सगळा भार प्लेटच्या हबवर येतो, प्लेट वाकते. खाली जॅक लावून भार त्यावर घ्या, किंवा सरळ बाहेर काढा. डॉवेल पिना (गिअरबॉक्स आणि इंजिन नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत का हेही चढवण्याआधीच बघायचं. त्या नसतील तर बोल्ट लागतात, पण शाफ्ट मधोमध राहत नाही.

काम झालं, पण

गाडी खाली उतरवण्याआधी एक चाचणी करा. इंजिन बंद, पहिला गिअर, एका चाकाला कुणीतरी घट्ट धरून ठेवायचं. दुसरं चाक फिरता कामा नये. पेडल दाबलं की ते फिरलं पाहिजे. दाबूनही फिरत नसेल तर आधी हवा काढा किंवा केबल जुळवा. तरीही तसंच राहिलं तर प्लेट उलटी किंवा वाकलेली.

गाडी निघताना थरथरत असेल तर अस्तरावर ग्रीस किंवा तेल गेलंय, नाहीतर माउंटिंगचा बोल्ट सैल राहिलाय. माउंटिंग आधी बघा, ते वरून दिसतं. स्टार्टर जड फिरतोय आणि बॅटरी चांगली आहे, तर गिअरबॉक्सवरची अर्थची तार लावायची राहिली. वेगाचा काटा हलत नसेल तर सेन्सरचा प्लग.

आणि पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी गिअर ऑइल भरलं का?