तुतानखामेनच्या थडग्यातील वस्तू कशा पाहाव्यात

प्राचीन इजिप्तचा राजा तुतानखामेन याच्या थडग्यातील खजिना पाहायला जाणारे बहुतेक लोक सोन्याच्या मुखवट्यासमोर गर्दी करतात आणि उरलेली दालने घाईघाईने उरकतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की मुखवटा सर्वांत शेवटी पाहावा. या थडग्यात पाच हजारांहून अधिक वस्तू मिळाल्या आणि त्यांतील कितीतरी साध्या वस्तू त्या काळाविषयी सोन्यापेक्षा अधिक सांगतात. त्यासाठी प्रत्येक वस्तूपुढे दोन प्रश्न मनात ठेवावेत: ती कुठे ठेवलेली होती आणि तिच्यावर कोणाचे नाव आहे?

पहिल्या प्रश्नाची तयारी घरीच करता येते. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांना ४ नोव्हेंबर १९२२ रोजी थडग्याची पहिली पायरी सापडली आणि पुढे थडगे रिकामे करायला सुमारे दहा वर्षे लागली, कारण प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन, छायाचित्रकार हॅरी बर्टन यांच्याकडून तिचे जागेवरच छायाचित्र काढून घेऊन, मगच ती हलवली जात असे. ही छायाचित्रे आणि कार्टर यांची हस्तलिखित टिपणकार्डे ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. आवडलेल्या चार-पाच वस्तूंचे क्रमांक टिपून घ्यावेत. सिंहासनाचा क्रमांक ९१ आहे, तर मृतांचा रक्षक देव अनुबिस याच्या मूर्तीचा २६१.

अनुबिसच्या मूर्तीपाशी वेळ काढावा. काळ्या रंगाचा हा कोल्हा दफनकक्षालगतच्या कोषागाराच्या दारातच, आत येणाऱ्याकडे तोंड करून बसलेला होता. बर्टन यांच्या छायाचित्रात त्याच्या अंगावर तागाचे वस्त्र दिसते. संग्रहालयातील मूर्तीवर ते नाही, म्हणून छायाचित्र आधी पाहिलेले असावे. त्या वस्त्रावर तुतानखामेनच्या आधीचा राजा अखेनातेन याच्या राज्यारोहणाच्या ७व्या वर्षाची नोंद आहे आणि कोल्ह्याच्या पुढच्या पंजांमध्ये अखेनातेनची कन्या मेरितातेन हिच्या नावाची हस्तिदंती लेखनपाटी ठेवलेली होती. राजाच्या दफनासाठी घराण्यातील जुन्या वस्तूही बाहेर काढल्या गेल्या, हे अशा ठिकाणी प्रत्यक्ष दिसते.

नावे ओळखण्यासाठी चित्रलिपी शिकण्याची गरज नाही. राजाचे नाव लांबट कड्यात कोरलेले असते. सूर्याची तबकडी, तिच्याखाली भुंगेरा, तीन रेघा आणि तळाशी टोपली दिसली की ते नेबखेपेरूरे, म्हणजे तुतानखामेनचे राज्यारोहणाच्या वेळी घेतलेले नाव, असे समजावे. एवढे डोळ्यांत बसले की सिंहासनाकडे वळावे. त्याच्या पाठीवर राजा-राणीवर आतेनचे, म्हणजे सूर्याच्या तबकडीच्या रूपातील देवाचे, किरण पडत आहेत, आणि सिंहासनावर ‘तुतानखातेन’ हे जुने व ‘तुतानखामेन’ हे नवे अशी दोन्ही नावे आढळतात. अखेनातेनने आणलेला आतेनपंथ मागे पडून आमेन देव परत आला, तो सारा बदल एका आसनावर नोंदलेला आहे.

उशेब्ती नावाच्या लहान मूर्ती अनेकांना एकसारख्या वाटतात, पण त्या मोजण्यासाठीच आहेत. एकूण ४१३ मूर्तींपैकी ३६५ मजूर, दर दहा मजुरांमागे एक याप्रमाणे ३६ मुकादम आणि बारा महिन्यांचे १२ अधिकारी. परलोकात शेतीचे काम राजाच्या वाट्याला आले तर त्याच्या जागी राबणारी ही वर्षभराची हजेरीपटावरची माणसे होती.

मद्याच्या रांजणांवरील शाईच्या नोंदीही अवश्य वाचाव्यात. त्यांत राज्यवर्ष, द्राक्षमळा आणि मुख्य मद्यकाराचे नाव असते. राजाने किमान ९व्या वर्षापर्यंत राज्य केले, याचा पुरावा या मातीच्या रांजणांनी दिला.

चोरांच्या खुणाही शोधाव्यात, कारण प्राचीन काळीच हे थडगे दोनदा फोडले गेले होते. सुगंधी लेपाच्या पात्रांत त्यांच्या बोटांचे ठसे राहिले, आणि कापडात गाठ मारून बांधलेली सोन्याच्या भरीव अंगठ्यांची पुरचुंडी मागेच राहून गेली. लेप चोरणे आज नवल वाटते, पण तो महाग होता आणि विकल्यावर ओळखू येत नसे.

आता सोने. सर्वांत आतली शवपेटी सुमारे ११० किलो सोन्याची आहे आणि मुखवटा सुमारे १० किलोचा. मुखवट्यावरील लाजवर्द या निळ्या रत्नखड्याची वाट अफगाणिस्तानातील बदख्शानपासून सुरू होते. मात्र राजाच्या ममीच्या मांडीवर ठेवलेला लोखंडी पात्याचा खंजीर चुकवू नये. त्यातील निकेल आणि कोबाल्टच्या प्रमाणावरून ते लोखंड उल्केतील असल्याचे २०१६ साली दाखवले गेले, आणि त्या काळी इजिप्तमध्ये लोखंड सोन्यापेक्षा दुर्मीळ होते.

कैरोजवळच्या गिझा येथील ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण खुले झाल्यापासून हा संग्रह तेथे एकत्र मांडलेला आहे. राजाची ममी मात्र लक्झरजवळच्या राजांच्या दरीत, त्याच्या मूळ थडग्यातच आहे. त्यामुळे वस्तू आणि त्यांची जागा दोन्ही पाहायची असतील, तर प्रवासात कैरो आणि लक्झर दोन्हींसाठी वेळ ठेवावा.