संगणक दुरुस्तीला देण्याआधी संगीत सॉफ्टवेअरचा परवाना कसा सोडवावा

ऐन लग्नसराईत माझ्या धरमपेठेतील छोट्या स्टुडिओचा संगणक बंद पडू लागला, म्हणून मी तो सीताबर्डीच्या एका दुकानात दिला. तो फॉरमॅट होऊन परत आला आणि पैसे मोजून घेतलेले प्लगइन (मुख्य संगीत सॉफ्टवेअरला जोडून वापरायचे छोटे सॉफ्टवेअर) उघडेना; परवाना दुसऱ्या संगणकावर वापरात आहे, असे ते सांगत होते. दुरुस्तीवाल्याची यात चूक नव्हती. परवान्यासोबत यंत्राची ओळख कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेली असते आणि हार्ड डिस्क पुसली तरी ती नोंद तशीच राहते.

म्हणून संगणक सुरू होतो आहे तोवरच प्रत्येक सॉफ्टवेअर ‘डीॲक्टिव्हेट’ करावे, म्हणजे त्या संगणकावरून त्याचा परवाना सोडवावा. परवाने सांभाळणारी आयलॉक ही सेवा वापरत असाल, तर आयलॉक लायसन्स मॅनेजरमधून परवाना खात्यात परत आणावा किंवा यूएसबी डोंगलवर, म्हणजे परवाने साठवणाऱ्या छोट्या यूएसबी उपकरणावर हलवावा; डोंगल मात्र घरीच ठेवावा, कारण तो हरवला तर त्यावरील परवाने परत मिळवणे फार त्रासाचे होते. वेव्हज या प्लगइन कंपनीचे परवाने साध्या पेनड्राइव्हवरही ठेवता येतात. चालू कामाचे सर्व ट्रॅक वेव्ह (WAV) ध्वनी फाइलमध्ये काढून ठेवावेत, म्हणजे प्लगइन अडले तरी मिक्सिंग अडत नाही.

संगणक आधीच पुसला गेला असेल, तर प्रथम त्याची तारीख तपासावी. मदरबोर्डवरील बॅटरी संपली की घड्याळ मागे जाते आणि केवळ तेवढ्यानेही ॲक्टिव्हेशन नाकारले जाऊ शकते. तारीख बरोबर असेल तरच कंपनीच्या मदत विभागाला (सपोर्टला) लिहावे.

हा पहिला ईमेल फार काळजीपूर्वक लिहावा. कंपनीचे कार्यालय कॅलिफोर्नियात असेल, तर ते उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, त्यामुळे एक माहिती राहिली की एक दिवस जातो. खात्याचा ईमेल पत्ता, खरेदीची पावती, सॉफ्टवेअरची आवृत्ती, विंडोज किंवा मॅकची आवृत्ती, त्रुटीचा मजकूर जसाच्या तसा, स्क्रीनशॉट, आणि ‘जुना संगणक फॉरमॅट झाला आहे, कृपया ते ॲक्टिव्हेशन रद्द करावे’ ही नेमकी विनंती, एवढे सारे एकाच ईमेलमध्ये असावे. पासवर्ड कोणी मागितला तरी देऊ नये. जर्मनीतील कंपनी असेल, तर उन्हाळ्यात तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा, हे ध्यानात ठेवून सकाळीच लिहावे. उत्तर लांबले तर नवे तिकीट (सपोर्टकडील तक्रारीची नोंद) न उघडता त्याच तिकिटाला उत्तर द्यावे, म्हणजे आधीची सर्व माहिती वाचणाऱ्यासमोर राहते.