लिनक्सकडे जाण्याआधीचे पंधरा दिवस

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले आणि तेव्हापासून आमच्या राजापूर तालुक्यातले ओळखीचे लोक मला एकच प्रश्न विचारतात: संगणक धडधाकट आहे, पण विंडोज ११ त्यावर चढत नाही, तर संगणक चालवायला विंडोजच्या जागी फुकट मिळणारे लिनक्स टाकावे का? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. २०१५-१६ च्या सुमारास घेतलेला घरचा संगणक या अटीत बसत नाही. त्याच संगणकात चार जीबी रॅम असली तरी लिनक्स मिंट हे लिनक्सचे एक रूप त्यावर नीट चालते, आणि मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तेव्हा टाकावे, असेच माझे उत्तर असते. मात्र प्रत्यक्ष बसवण्याचे काम अर्ध्या-पाऊण तासाचे असले तरी आधीच्या तयारीला पंधरा दिवस द्यावेत, हेही मी त्याच दमात सांगतो, कारण लिनक्स टाकून ज्यांना पुन्हा विंडोजकडे परतावे लागले, त्या माझ्या माहितीतल्या प्रत्येक घरात ही तयारी राहून गेली होती.

पहिले काम संगणकावर करायचे नसून वहीत करायचे आहे. संगणकाशेजारी एक वही ठेवावी आणि घरातल्या प्रत्येकाने आठ दिवस, आपण संगणकावर काय केले, ते तिच्यात लिहावे: आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, सातबारा उतारा काढणे, वीजबिल भरणे, मुलीच्या प्रकल्पाची छपाई, वडिलांची भजने, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो संगणकावर घेणे. आठवड्याअखेर ही वही वाचली की निम्म्याहून अधिक कामे ब्राउझरमध्येच होतात हे ध्यानात येते. बँक, जमिनीच्या उताऱ्यांचे महाभूमी, जीएसटीचे संकेतस्थळ, व्हॉट्सॲप वेब ही सगळी फायरफॉक्स किंवा क्रोममधून जशी विंडोजवर उघडतात तशीच लिनक्सवर उघडतात. उरलेल्यांपैकी बहुतेक कामांना पर्याय आहे. पण हिशेबाचे टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, चित्रे व नकाशे काढण्याचे कोरल ड्रॉ आणि ऑटोकॅड चालत नाहीत, आणि ठेकेदारीच्या निविदांसाठी लागणारा डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखे यूएसबी उपकरण) चालेलच असे आधी सांगता येत नाही. वहीत असे एक जरी काम असेल आणि त्यावर घराचे उत्पन्न अवलंबून असेल, तर विंडोज पुसून टाकू नये. दोन्ही प्रणाली शेजारी ठेवाव्यात, किंवा त्या एका कामापुरता जुना संगणक वेगळा राखावा. वाइन नावाच्या सोयीने विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालतात हे खरे, पण हिशेबाचे काम तिच्या भरवशावर सोडणे मला योग्य वाटत नाही.

पर्याय आहे म्हटल्यावर तो विंडोजवरच वापरायला घ्यावा. कागदपत्रे व हिशेबासाठी लिब्रेऑफिस, ब्राउझर म्हणून फायरफॉक्स, मेलसाठी थंडरबर्ड आणि गाणी-व्हिडिओंसाठी व्हीएलसी हे चारही प्रोग्राम विंडोजवर फुकट मिळतात. उरलेला आठवडाभर घरातल्या सर्वांनी तेच वापरावेत, पेट्यांची पावती लिब्रेऑफिसमध्ये उघडून तिची बेरीज बरोबर येते का, छापताना कागदाच्या कडा जागेवर राहतात का, हे पाहावे आणि एक्सेलमध्ये कोणी मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली) लिहून दिलेले असतील तर ते तपासावेत, कारण सगळे मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये चालत नाहीत. प्रोग्राम आधी बदलले की पुढे प्रणाली बदलली तरी घरच्यांच्या हाताला फारसा फरक जाणवत नाही.

मराठी कागदपत्रांचा प्रश्न मात्र खराखुरा आपला आहे आणि इंग्रजीतल्या कोणत्याही यादीत तो सापडत नाही. देवस्थानचे वार्षिक जमाखर्च, घराण्याचा वंशवृक्ष, वाटणीपत्राचे मसुदे, आजोबांच्या आठवणी असे जे काही पंधरा-वीस वर्षांपूर्वी संगणकावर टाइप झाले, ते बहुधा श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या सुरेख, योगेश अशा फॉन्टमध्ये आहे. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर चित्रासारखी बसवलेली असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: फाइल उघडावी, एक ओळ निवडावी आणि तिचा फॉन्ट एरियल करावा. मजकूर मराठीच राहिला तर तो युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत आहे आणि त्याची काळजी नाही. मराठी जाऊन इंग्रजी अक्षरांचा पसारा दिसला तर फाइल जुन्या पद्धतीची आहे. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द अशा वेळी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच अक्षरांच्या रूपात समोर येतो, कारण संगणकाच्या लेखी तिथे कधी मराठी नव्हतेच. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत आणि ‘म’ हा सगळीकडे ‘म’च असतो, म्हणून तो मजकूर शोधता येतो, मोबाइलवर वाचता येतो आणि कोणत्याही प्रणालीवर उघडतो.

अशा सर्व फाइली, विंडोज आणि ते जुने सॉफ्टवेअर अजून चालते आहे तोवरच, युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. काही जुन्या सॉफ्टवेअरना डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) लागतो आणि एकदा विंडोज गेले की तो हाती असून उपयोगाचा राहत नाही. बदलण्यापूर्वी प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ काढावी. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच जपला जातो, त्यामुळे मूळ मजकूर कसा होता याचा पुरावा राहतो आणि रूपांतरित मजकूर त्याच्याशी ओळीने ताडून पाहता येतो. ताडताना काही जागा हमखास पाहाव्यात. ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’ यांतला ‘र’ बिघडलेला असतो, ‘स्थिती’सारख्या शब्दात पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर गेलेली असते, कारण जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी टाइप होई आणि युनिकोडमध्ये नंतर येते, आणि मजकुरात मधेच आलेला इंग्रजी शब्द किंवा गट क्रमांक मराठी समजून बदलला गेलेला असतो. वाटणीपत्रातला गट क्रमांक असा बदलला तर काय होईल हे सांगायला नको. दिवसाला दहा पानांपेक्षा जास्त तपासू नयेत, नजर चुकू लागते.

फॉन्टबरोबर टाइप करण्याची सवयही वहीत लिहावी. इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी कागप आहे, आणि आयबस व एम१७एन ही टायपिंगच्या प्रोग्रामांची जोडी घातली की गमभन या मराठी टायपिंगच्या सोयीच्या पद्धतीनेही लिहिता येते. टाइपरायटरवर हात बसलेल्यांनी रेमिंग्टन पद्धत आधी करून पाहावी. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट विंडोजबरोबर येतात, लिनक्सबरोबर येत नाहीत, म्हणून त्यांत लिहिलेल्या फाइली दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडतात आणि पानांची फोड बदलते. नोटो किंवा मुक्ता हे मुक्त परवान्याचे फॉन्ट आताच बसवून पुढचे लेखन त्यांत सुरू करावे.

आता फाइलींच्या जादा प्रती. २०१४ साली मी माझ्याच घरच्या संगणकावर लिनक्स टाकले तेव्हा सी ड्राइव्ह पुसला जाईल आणि डी तसाच राहील, अशी माझी समजूत होती. सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन कप्पे असतात, आणि बसवताना ‘डिस्क पुसून टाका’ हा पर्याय निवडला की सगळी डिस्क जाते, हे मला तेव्हा कळले. वडिलांनी ठेवलेला बागेचा हिशेब कागदावरून पुन्हा उतरवता आला. आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या डीमध्ये होत्या, त्या परत मिळाल्या नाहीत. म्हणून प्रत घेताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड, फोटो हे नेहमीचे फोल्डर तर घ्यावेतच, शिवाय डी आणि ई यांतली प्रत्येक वस्तू, ब्राउझरचे बुकमार्क व जपलेले पासवर्ड, आणि आउटलुकमध्ये मेल असतील तर ते साठवणारी पीएसटी फाइलही घ्यावी. लिनक्सवर थंडरबर्ड ही फाइल सरळ उघडत नाही, तेव्हा मेल विंडोजवर असतानाच दुसरीकडे हलवून घेणे बरे. बाहेरची हार्ड डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावी. फॅट३२ या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथे अडतो.

प्रती दोन असाव्यात आणि दोन्ही एका घरात ठेवू नयेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात आणि दापोली-मंडणगडात किती घरांची छपरे उडाली, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी कुठवर चढले, हे आपण पाहिले आहे. एक प्रत घरात माळ्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवावी आणि दुसरी मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या नातेवाइकाकडे द्यावी. प्रत झाली असे मानण्यापूर्वी ती दुसऱ्या संगणकावर लावून वीसेक फाइली उघडून पाहाव्यात.

परवडत असेल तर याहून चांगला मार्ग मी सुचवेन: नवी २५६ जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घ्यावी, तिच्यावर लिनक्स बसवावे, आणि विंडोज असलेली जुनी हार्ड डिस्क तशीच काढून, तारखेची चिठ्ठी लावून ठेवून द्यावी. काही राहिले असेल तर ते तिथे आहे. कॅबिनेट उघडलेच आहे तर आतली धूळ आणि पालीची अंडी ब्रशने काढावीत, आणि रॅमच्या पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने हलके घासून पुन्हा बसवावे. खाऱ्या हवेने तिथे धरलेला थर हेच संगणक मधेच बंद पडण्याचे कारण मला कित्येकदा सापडले आहे.

मिंट बसवण्यासाठी उतरवायची फाइल सुमारे तीन जीबीची आहे. दिवसाला दीड जीबी डेटा मिळणाऱ्या मोबाइलवर ती दोन दिवस घेते, आणि रेंज सड्यावर (उंच माळावर) गेल्याशिवाय येत नसेल तर मधे तुटतेही, म्हणून ती टोरेंटने उतरवावी. तुटले तिथून पुढे चालू होते. फाइल पुरी आल्यावर संकेतस्थळावर दिलेला ६४ अक्षरांचा शा-२५६ अंक, म्हणजे फाइल बिनचूक आल्याची खूण, आपल्या फाइलच्या अंकाशी जुळवावा, मगच रूफस किंवा एचर या प्रोग्रामने आठ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर ती उतरवावी.

या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की काहीही न पुसता लिनक्स चालवून बघता येते, आणि या चाचणीला एक पूर्ण संध्याकाळ द्यावी. वायफाय दिसते का, आवाज येतो का, कॅमेरा आणि ब्लूटूथ चालतात का, लॅपटॉपचे झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत येतो का, हे एकेक पाहावे. वायफाय दिसले नाही तरी निराश होऊ नये. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट केबलने संगणकाला देणे) चालू केले की इंटरनेट मिळते आणि मग वायफाय चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम उतरवता येतो. सर्वांत जास्त अडचण प्रिंटर करतो. घरी एचपी लेसरजेट १०२० असेल तर त्याला एचपीलिप या लिनक्सवरच्या एचपी ड्रायव्हरबरोबर वेगळा प्लगइन (जोड-प्रोग्राम) लागतो, कारण हा प्रिंटर चालू होताना त्याचे फर्मवेअर, म्हणजे त्याला आतून चालवणारा प्रोग्राम, दरवेळी संगणकाकडून घेतो. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे आणि लिनक्सवर तो चालवणे नवख्या माणसाचे काम नाही. तो असेल तर कोणाचा तरी हात आधी धरावा. एअरप्रिंट (ड्रायव्हर न बसवता छापण्याची सोय) असलेले नवे प्रिंटर बहुधा काही न करता सापडतात. एक पान छापून आणि एक स्कॅन करून पाहिल्याशिवाय चाचणी पुरी झाली असे समजू नये.

दिवस निवडताना दसऱ्यानंतर, आंब्याचे हिशेब सुरू होण्याआधीचे महिने धरावेत. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर सगळे पुन्हा करावे लागते. यूपीएस किंवा इन्व्हर्टर नसेल तर लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. ढग गडगडू लागले तर काम दुसऱ्या दिवसावर टाकावे. मुंबईहून आलेल्या पुतण्याकडून करून घ्यायचे असेल तर त्याच्या रजेच्या पहिल्या दिवशी करावे, कारण खरे प्रश्न तिसऱ्या-चौथ्या दिवशी निघतात.

आदल्या संध्याकाळी विंडोजमध्ये काही शेवटची कामे उरतात. दोन्ही प्रणाली ठेवणार असाल तर विंडोजची फास्ट स्टार्टअप ही लवकर सुरू होण्याची सोय बंद करावी, आणि बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करण्याची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. दुसऱ्या पेनड्राइव्हवर विंडोज परत टाकण्याची सोय करून ठेवावी. डिस्क व्यवस्थापनाच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढावा: कोणती डिस्क किती जीबीची आणि तिच्यात कोणता कप्पा केवढा, कारण लिनक्स त्यांना सी, डी म्हणत नाही, एसडीए१, एसडीए२ अशी नावे देते आणि ओळख आकारावरूनच पटते. वायफायचा पासवर्ड, मेलचा पासवर्ड आणि नव्या प्रणालीसाठी ठरवलेला पासवर्ड त्याच वहीत शेवटच्या पानावर लिहावा. मग प्रतीची बाहेरची डिस्क संगणकापासून काढून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावी, आणि सकाळी चहा झाल्यावर पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करावा.