किनाऱ्यावर आलेलं तेल जहाजाच्या कुठल्या टाकीतलं?

पावसाळ्याच्या तोंडावर गुहागर, दापोली किंवा मालवणच्या पुळणीवर डांबरगोळे लागले की सगळ्यांचं बोट समोरून जाणाऱ्या जहाजाकडे जातं. तिथेच तपास फसतो. आधी तेल कोणतं ते ठरवा, मग ते जहाजात कुठे असतं ते. जहाजाचं नाव सर्वांत शेवटी.

तवंग काठीने मोडून पाहा. काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर तो जिवाणूंचा पापुद्रा. तेल असेल तर फिरून जुळतं. इंद्रधनुषी तवंग हा बहुधा डिझेल किंवा बिल्जच्या (जहाजाच्या तळाशी साचणाऱ्या तेलकट) पाण्याचा. त्याची जाडी 0.3 ते 5 मायक्रॉन, म्हणजे एका चौरस किलोमीटरला 300 ते 5,000 लिटर. दिसतो तेवढा तो मोठा नसतो. काळं, चिकट तेल इंजिनाच्या जड इंधनाचं असू शकतं. गोळ्यात मेण आणि गंजाचे पोपडे सापडले तर टँकरच्या टाक्या धुतल्याचा संशय घ्या. आणि तवंग मिरकरवाडा किंवा हर्णैच्या बोटींलगतच असेल तर आधी आपल्याच ट्रॉलरांचं बिल्ज आणि बदललेलं इंजिन ऑइल पाहा. ऐकायला कडू आहे, पण हे आधी वगळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नमुना रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत घ्या, झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइल. प्लॅस्टिक नकोच, त्यातली रसायनं तेलात उतरतात. निदान तीन जागांचे गोळे घ्या आणि शेजारची स्वच्छ वाळू वेगळ्या बाटलीत भरा. वेळ, भरती-ओहोटी आणि जागा लिहून सील करा, अंधारात बर्फावर ठेवा. उन्हात हलके घटक उडून जातात, पण होपेन आणि स्टेरेन ही संयुगं टिकतात; प्रयोगशाळा जुळवणी करते ती मुख्यतः त्यांच्यावर.

आता वय. गोळा फोडा: आत मऊ आणि चकचकीत असेल तर तुलनेने ताजा. वर देठाचे बारीक शिंपल्यासारखे जीव वाढलेले असतील तर तो कित्येक दिवस समुद्रात फिरलाय. त्यावरून जहाज शोधण्यात हशील नाही. ताज्या तेलासाठी हिशोब सोपा आहे: तेल वाऱ्याच्या वेगाच्या साधारण 3 टक्के वेगाने सरकतं, शिवाय प्रवाहाचा पूर्ण वेग. 20 नॉट (ताशी 20 सागरी मैल) पश्चिम वाऱ्यात 24 तासांत सुमारे 14 सागरी मैल पूर्वेला. पावसाळ्यात इथला किनारी प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, म्हणून रत्नागिरीला लागलेल्या तेलाचा उगम वायव्येला शोधावा लागतो. तिथल्या, त्या वेळच्या एआयएस नोंदी (जहाजं आपली ओळख आणि जागा आपोआप प्रसारित करतात त्या) मागवा. उपग्रहाच्या रडारचित्रांवर पावसाळ्यात फार विसंबू नका: जोरदार वाऱ्यात तवंग मिसळून जातो, आणि वारा पडला की साधं पाणीही तेलासारखं काळं दिसतं.

जहाजावर चढायचा अधिकार सर्वेक्षकांचा, पण काय तपासलं जावं हे माहीत असलेलं बरं. मारपोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार 400 ग्रॉस टनांपासूनच्या जहाजाने बिल्जचं पाणी चालत्या स्थितीत, पाण्यातलं तेल वेगळं करणाऱ्या विभाजकातून गाळून, तेल 15 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 15 भाग) आत असेल तरच सोडायचं. टँकरच्या मालटाक्यांचं पाणी किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांपलीकडे आणि प्रति मैल 30 लिटर तेलाच्या मर्यादेतच. दोन्हींची नोंद ऑइल रेकॉर्ड बुकात, आणि ते तीन वर्षं जपावं लागतं.

खरी चोरी आकड्यांत सापडते. जड इंधन जाळणाऱ्या जहाजात त्याच्या सुमारे 1 टक्का गाळ निघतो. दिवसाला 30 टन जळत असेल तर 20 दिवसांत 6 टन. हा गाळ टाकीत, भट्टीत किंवा बंदरावर दिल्याच्या पावतीत दिसलाच पाहिजे. भट्टीत जाळल्याची नोंद असेल तर तिची ताशी क्षमता आणि चालू तास गुणून पाहा. विभाजकाच्या तेल मोजणाऱ्या मापकातून गोडं पाणी सोडून त्याला फसवण्याचीही युक्ती चालते. नळजोडणी नकाशाशी ताडा. फ्लँजवर (नळ्या जोडणाऱ्या कड्यांवर) नवा रंग आणि नटांवर पान्याचे ताजे ओरखडे असतील तर मधला तुकडा कधीतरी काढून विभाजक टाळून थेट समुद्रात सोडणारी वळणनळी बसवलेली असू शकते. समुद्राकडे जाणाऱ्या नळीचा तुकडा उघडून आतून पुसा. चिकटा निघाला तर तोही बाटलीत भरा आणि बिल्ज, गाळ, इंधन टाक्यांच्या नमुन्यांसह किनाऱ्यावरच्या नमुन्यासोबत प्रयोगशाळेत एकाच यंत्रावर चालवायला द्या. वेगळ्या यंत्रांवरचे आलेख ताडले की वाद वाढतो.